डाव्या बाहीचा हिशेब



विणकामाविषयी या सदरात कधी तरी लिहावे, अशी सूचना काही वाचक भगिनींनी पूर्वीच केली होती. नमुने देणारी पुस्तके पुष्कळ आहेत, जुन्या दिवाळी अंकांच्या पानांतूनही ते सापडतात. त्यांत मी नवी भर काय घालणार, म्हणून हा विषय मागे पडत गेला. यंदा मात्र एक स्वेटर असा विणावा लागला की, त्याला लागू पडेल असा नमुना कोणत्याच पुस्तकात नव्हता. त्याचाच हा वृत्तांत आहे. ज्यांच्या घरात एखाद्या वडीलधाऱ्यांचा हात किंवा पाय अधू झाला आहे, त्यांना त्यातले काही उपयोगी पडेल असे वाटते.

स्वेटर माझ्या थोरल्या बंधूंचा. वय शहात्तर. मूर्तिजापुरात अडतीचे जुने दुकान. दोन वर्षांपूर्वी त्यांना पक्षाघाताचा झटका आला. बोलणे आणि चालणे बरेचसे पूर्ववत झाले, डावा हात मात्र परतला नाही. तो कोपरात वाकलेला राहतो आणि बोटे अर्धवट मिटलेली. दुकान आता भाचा सांभाळतो, तरी सकाळी गादीवर जाऊन बसणे भाऊंनी सोडले नव्हते. बाजारात हर्रासी सकाळी होते, माल त्या वेळी येतो, शेतकरी त्या वेळी भेटतो. अकराला दुकानात पोहोचलेल्या माणसाला नमस्कार मिळतात, पण सल्ला कोणी विचारत नाही.

गेल्या थंडीत हे जाणेच थांबले. वऱ्हाडातली थंडी थोड्या दिवसांची असली, तरी पौषातली पहाट अंगात शिरते. तयार स्वेटर डोक्यातून घालायचा, तर डावा हात वर उचलत नाही. पुढून उघडणारा घ्यावा, तर त्याच्या अरुंद बाहीत मिटलेली मूठ अडकते. घाईच्या वेळी घरातले कोणी हात धरून बाही ओढी आणि भाऊ खांदा धरून खाली बसत. असा हात कधीही ओढू नये, त्याने खांद्याचा सांधा दुखावतो, असे व्यायाम शिकवणाऱ्या डॉक्टरांनी बजावून सांगितले होते. शाल पांघरली तर एका हाताने ती सावरता येत नाही. शेवटी, "ऊन पडल्यावर जाईन," असे भाऊ स्वतःच म्हणू लागले. तक्रार नव्हती, आणि तेच मला लागले.

म्हणून स्वेटर विणायचे ठरवले, तर पहिलाच प्रश्न लोकरीचा आला. वहिनी गेल्या, त्या चातुर्मासात भाऊंनी रेशीम आणि लोकर या दोन्हींचा त्याग केला आहे. रेशमाचे कारण सर्वांना ठाऊक आहे; कोशातला जीव उकळत्या पाण्यात जातो. लोकरीबाबत मात्र आपल्या समाजात एकमत नाही. सामायिकाचे कटासन लोकरीचे असते, साधु-साध्वींचा ओघा लोकरीच्या दशांचा असतो, कामळीही लोकरीचीच. तेव्हा श्रावकानेच ती का सोडावी, असे विचारणारे आहेत. मेंढी कातरताना तिला इजा होते आणि लोकर देईनाशी झाली की तिची वाट कुठे जाते ते सर्वांना माहीत आहे, असे म्हणणारेही आहेत. माझे मत असे की, दुसऱ्याने घेतलेल्या नियमावर वाद घालणे विणणाऱ्याचे काम नव्हे. कर्जाच्या मंजुरीपत्रातील अटीप्रमाणे तो आधी मान्य करावा आणि मग हिशेबाला बसावे.

लोकर नाही, तर दुकानात दुसरे मिळते ते ॲक्रिलिक. आपण बोलताना त्यालाही सर्रास लोकरच म्हणतो. ओसवाल घराण्याची लुधियानाची 'वर्धमान' ही कंपनी १९६५ पासूनची आणि तिचे नाव तर साक्षात भगवंतांचे. तिच्या गुंड्यांनी माझ्या पिढीतल्या कितीतरी जणींचे हिवाळे सरले आहेत. ॲक्रिलिक हलके असते, स्वस्त असते, कसर लागत नाही. पण ते खनिज तेलापासून केलेले प्लास्टिकच आहे. घाम शोषत नाही, दुपारी उबते, विस्तवाजवळ वितळते, आणि प्रत्येक धुण्यात त्याचे अतिसूक्ष्म तंतू पाण्यात जातात. पाणी गाळून पिणाऱ्या घरांनी याचा एकदा विचार करायला हरकत नाही. भाऊंची सकाळ शेगडीजवळ जाते, म्हणून माझ्यापुरता हा पर्याय तिथेच बाद झाला.

राहिले सूत. आता गंमत पाहा. मूर्तिजापूर हे कापसाचे गाव. यवतमाळ आणि अचलपूर या दोन्ही बाजूंनी कापूस आणावा म्हणून इंग्रज कंपनीने गेल्या शतकाच्या दुसऱ्या दशकात इथे छोटी रेल्वे आणली, तीच आपली शकुंतला. अशा गावात हाताने विणण्याजोग्या जाड सुताचा एक गुंडा मला मिळाला नाही. अकोल्यात नाही, अमरावतीतही नाही. कापूस इथून जातो आणि सूत दुसरीकडे होते, ही वऱ्हाडाची जुनी कथा आहे. तिच्यात मी नव्याने काय सांगणार? शेवटी तमिळनाडूतून टपालाने मागवले. पन्नास ग्रॅमचे सोळा गुंडे, सगळे एकाच रंगाईच्या लॉटचे. हे लेबलावर पाहूनच घ्यावे. दोन लॉटमधला फरक हातात दिसत नाही, अंगावर दिसतो.

सुती स्वेटर म्हटल्यावर पुष्कळ जणी नाक मुरडतात. विणकामाचे जे फार जुने अवशेष संग्रहालयांत जपलेले आहेत, त्यांतले बरेचसे इजिप्तमधले आहेत आणि त्यांत पांढऱ्या-निळ्या सुताचे मोजे आहेत, हे त्यांना सांगावेसे वाटते. तरीही अडचण खरी आहे. लोकरीचा तंतू मुळात नागमोडी असतो. ताणला की लांबतो, सोडला की परत येतो. कापसाला हे परत येणे ठाऊक नाही. तो जड असतो, आपल्याच वजनाने लोंबतो, मनगटाची पट्टी दोन धुण्यांत सैल पडते. बोटांनाही तो लोकरीपेक्षा अधिक शिणवतो. त्याच्या बाजूने एक गोष्ट मोठी आहे, ती म्हणजे वीण त्यावर कोरल्यासारखी उठून दिसते.

म्हणून सुताचे काम घेताना नमुन्याचा तुकडा विणल्यावाचून पुढे जाऊ नये. एका दहा सेंटिमीटरमध्ये आडवे टाके किती आणि उभ्या ओळी किती, याला गेज म्हणतात. मूर्तिजापूरकरांना हा शब्द शिकवावा लागत नाही. मुंबई-हावडा मार्गाची ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरची आणि शेजारी शकुंतलेची नॅरोगेज ७६२ ची. एका रुळावरचा डबा दुसऱ्यावर चढत नाही, हे आम्ही लहानपणीच पाहिले आहे. विणकामातही तेच. तुमचा हात आणि पुस्तकातला हात यांचे गेज निराळे असेल, तर पुस्तकातले आकडे तुमच्या काही कामाचे नाहीत.

आठ नंबरच्या सुयांवर माझा तुकडा वीस टाके आणि अठ्ठावीस ओळींचा भरला. मग तो धुतला, पिळला, खालच्या कडेला कपड्यांचे चिमटे लावून दोन दिवस टांगून ठेवला आणि पुन्हा मोजला. टाके वीसच राहिले. ओळी मात्र दहा सेंटिमीटरमध्ये सव्वीसच बसू लागल्या. म्हणजे अंगावर लांबी सुमारे साडेसात टक्क्यांनी वाढणार. काखेपर्यंत ४० सेंटिमीटर हवे होते, म्हणून १०४ ओळी विणल्या. त्या सुईवर असताना ३७ सेंटिमीटरच दिसत होत्या. भाचेसून दोनदा म्हणाली की आखूड होतो आहे. व्याज वर्षअखेरीस जमा होते, असे तिला सांगून ठेवले.

पुढचे आकडे मांडताना एलिझाबेथ झिमरमन या बाईंची पद्धत वापरली. त्या १९१० साली इंग्लंडमध्ये जन्मल्या, अमेरिकेत स्थायिक झाल्या आणि १९९९ मध्ये वारल्या. १९७१ च्या त्यांच्या एका पुस्तकाने विणणाऱ्या बायकांना छापील नमुन्याच्या धाकातून बरेच मोकळे केले. त्यांची रीत टक्केवारीची आहे आणि माझ्या नोकरीतल्या सवयीला ती एकदम मानवली. छातीच्या घेराला लागणारे टाके म्हणजे शंभर टक्के. मनगटाला त्याचे वीस टक्के, दंडाला तेहेतीस ते चाळीस, काखेत आठ, गळ्याला चाळीस. एवढे ठाऊक असले की बारशाच्या बाळापासून पैलवानापर्यंत कोणाचाही स्वेटर मांडता येतो.

भाऊंची छाती ९२ सेंटिमीटर. आतून सदरा आणि शिवाय हात घालायला मोकळीक, म्हणून १२ वाढवले. १०४ सेंटिमीटर म्हणजे २०८ टाके. उजवी बाही या रीतीने सरळ निघाली. मनगट ४२ टाके, दंड ७०, दर आठव्या ओळीला दोन्ही कडांना एकेक टाका वाढवत चौदा वेळा.

डाव्या बाहीला टक्केवारी चालत नव्हती. तिथे मनगट मोजून उपयोग नाही. मिटलेली मूठ मोजावी लागते, कारण बाहीतून जायचे असते ते मुठीला. अंगठ्यासह ती २७ सेंटिमीटर भरली. म्हणून सुरुवातच ६० टाक्यांची केली, म्हणजे ३० सेंटिमीटर, आणि आवळणारी एक सुलट एक उलट पट्टी तिथे टाकलीच नाही. त्याऐवजी कडेला सहा ओळी अशा विणल्या की सुलटावर उलट आणि उलटावर सुलट यावे. तिला ताण नसतो आणि ती वळतही नाही. दंडाला ८४ टाके ठेवले, म्हणजे चाळीस टक्क्यांच्या किंचित वर. बाही आतून गुळगुळीत हवी, एकही गाठ किंवा लोंबता धागा नको; ज्या बोटांना नीट कळत नाही, ती त्यातच अडकतात.

कपडा घालण्याचा क्रमही विणणाऱ्याला ठाऊक असावा. अधू हात आधी जातो, धड हात नंतर, काढताना उलट. भाऊ बसून डावी बाही मांडीवर पसरतात, उजव्या हाताने तिच्यातून डावा हात घेतात आणि दंडापर्यंत चढवतात, मग बाकीचा स्वेटर पाठीमागून फिरवून आणतात. यासाठी पाठ किंचित सैल लागते. मुंढ्याला शिवण असेल तर हात तिथे अडतो, म्हणून अंग आणि दोन्ही बाह्या काखेपाशी एकाच गोल सुईवर घेतल्या आणि खांद्यापासून गळ्यापर्यंत एकसंध विणले.

इथे ताळा करावा लागला. अंगाचे टाके २१६ होते, २०८ नव्हे. ते आठ जादा का, ते पुढे येईल. दोन्ही काखांचे सोळा-सोळा धाग्यावर काढून अंगाचे १८४ उरले, उजव्या बाहीचे ५४, डाव्या बाहीचे ६८, एकूण ३०६. चार तिरप्या रेषांवर प्रत्येकी दोन, असे आठ टाके पंचवीस वेळा आटवले, म्हणजे २०० गेले. पण डावी बाही चौदा टाक्यांनी मोठी. ते चौदा खांद्याच्या मधोमध, एका जागी न दिसतील असे, वेगळे आटवले. उरले ९२, गळ्याला हवे तेवढेच. ताळा जुळला त्या संध्याकाळी मला जो आनंद झाला, तो मार्चअखेरच्या रात्रीच ठाऊक असतो. बँकेत काम केलेल्यांना हे कळेल.

बटणांवरून मात्र आमचे जुळेना. एका हाताने लावायला चिकटपट्टी सर्वांत सोयीची, वरून शोभेला बटणे शिवावीत, असा माझा बेत होता. भाऊंनी ती एकदा उघडून पाहिली आणि परत दिली. "हे फर्रकन वाजते. गिऱ्हाईक हासन मले." त्यांचे म्हणणे रास्त होते. लहान मुलाच्या बुटासारखा आवाज करणारा स्वेटर घालून अडतीच्या गादीवर बसवणार नाही. मग मोठी बटणे शोधली. शिंगाची आणि शिंपल्याची आपल्याला चालत नाहीत. नारळाच्या करवंटीची, अठ्ठावीस मिलिमीटर रुंदीची मिळाली. चारच लावली, प्रत्येकाखाली धाग्याचा उंच देठ ठेवला, आणि काज पाच टाक्यांचे करून त्यांच्या कडा दुहेरी सुताने बांधून घेतल्या, कारण सुतातले काज वापराने पसरते. उजव्या हाताने चारही लावायला भाऊंना पहिल्या दिवशी फार वेळ लागला. आता माझ्यापेक्षा फार हळू लावत नाहीत.

आता त्या आठ टाक्यांविषयी. वहिनींनी १९८६ च्या हिवाळ्यात भाऊंसाठी लोकरीचा एक स्वेटर विणला होता. पुढे दोन्ही बाजूंना उभ्या वेण्या, बाकी साधा. नियम घेतल्यापासून तो कपाटात आहे. अंगाला लागत नाही आणि कोणाला देऊही दिला जात नाही. तीच वीण सुतात उतरवावी असे मी भाऊंना विचारले नाही. स्वेटर मागून घेतला आणि टाके वाचायला बसले.

विणलेले कापड वाचता येते, हे फारसे कोणी सांगत नाही. सुलट टाका इंग्रजी व्हीसारखा दिसतो, उलट टाका आडव्या गाठीसारखा. वेणी सहा टाक्यांची होती. तीन टाके तिसऱ्या सुईवर काढून बाजूला ठेवायचे, पुढचे तीन विणायचे, मग ठेवलेले. दोन पिळांमध्ये आठ ओळी. वेणीच्या दोन्ही अंगांना दोन-दोन उलट टाके, म्हणजे ती खोलगट जमिनीतून वर उठून दिसते. असा सगळा पट्टा चोवीस टाक्यांचा. पिळामुळे वीण आत ओढली जाते. माझ्या सुती तुकड्यात चोवीस टाक्यांचा पट्टा बारा सेंटिमीटरऐवजी दहाच भरला. दोन पट्ट्यांत चार सेंटिमीटर गेले, म्हणून आठ टाके वाढवले. टक्केवारी मात्र मूळच्या २०८ वरच धरावी, नाहीतर बाह्याही विनाकारण रुंद होतात.

वहिनींच्या उजव्या वेणीचे पीळ उजवीकडे, डाव्या वेणीचे डावीकडे. फक्त डाव्या वेणीत खालून चौथा पीळ उलटा पडला होता. तो मी कागदावर टिपला आणि नव्या स्वेटरमध्ये सुधारायचे ठरवले. भाऊ शेजारी बसून वही पाहत होते. त्यांनी कपाटातल्या त्या स्वेटरच्या नेमक्या त्याच पिळावर बोट ठेवले आणि म्हणाले, "हा राहू दे." त्यांना तो सदतीस-अडतीस वर्षे ठाऊक होता. वहिनींना त्यांनी तो कधी दाखवला होता की नाही, ते मी विचारले नाही.

जॉन सिंज या आयरिश नाटककाराचे १९०४ साली रंगभूमीवर आलेले एक छोटे नाटक आहे, 'रायडर्स टू द सी'. समुद्रात बुडालेल्या भावाची ओळख बहिणीला पटते ती त्याच्या मोज्यावरून. टाके किती घातले होते आणि त्यांतले किती सुटले होते, ते तिच्या लक्षात असते. त्या बेटांवर प्रत्येक घराण्याची वीण ठरलेली असे, ही सांगोवांगीची कथा पुढे स्वेटर विकणाऱ्यांनी वाढवली. तिला आधार नाही. नाटकातली गोष्ट मात्र पटते. हाताने केलेल्या कामात माणूस ओळखू येतो तो बरोबर आलेल्या टाक्यांवरून नव्हे. ते सगळ्यांचे सारखेच असतात.

चौथा पीळ उलटा विणणे सोपे नव्हते. हात सवयीने बरोबर बाजूला जातो.

काम भाद्रपदात सुरू झाले. पर्युषणात सुया बाजूला होत्या. विणकाम म्हणजे एक प्रकारचे सामायिकच, असे अलीकडे काही जणी कौतुकाने म्हणतात. मला ते मान्य नाही. मन एकाग्र होते हे खरे, पण एकाग्र तर रोखपालही होतो. अठ्ठेचाळीस मिनिटे सुया खाली ठेवणे ही निराळी गोष्ट आहे. मार्गशीर्षात स्वेटर उतरला. वजन ७६० ग्रॅम, वहिनींचा लोकरीचा ५४० भरला होता. धुऊन पसरल्यावर लांबी हिशेबाप्रमाणे आली.

पौषातल्या पहिल्या कडाक्याच्या सकाळी भाऊ साडेआठला दुकानात होते. मी तिथे नव्हते, भाच्याने सांगितले. तुरीचे एक पोते ओलसर आहे, हे त्यांनी हात घालून ओळखले आणि भावावरून थोडी बोलाचाली झाली, एवढेच. स्वेटरविषयी कोणी काही विचारले नाही. डावी बाही रुंद आहे, हे बसलेल्या माणसाच्या अंगावर दिसत नाही.

धुण्याविषयी दोन शब्द. सुती स्वेटर पिळू नये. जुन्या पंचात गुंडाळून दाबावा आणि खाटेवर आडवा पसरावा. दोरीवर टाकला किंवा हँगरला लावला, तर केलेला सगळा हिशेब महिनाभरात बिघडेल. त्याला वाळायला वेळ लागतो. दुकान बंद असते त्या दिवशी सकाळी धुतला, तरी दुसऱ्या दिवशी पहाटे बाह्या दमट असतात, आणि भाऊ थांबायला तयार नसतात. म्हणून दुसऱ्यासाठी सूत मागवले आहे. या वेळी तपकिरी; पांढऱ्यावर बारदानाची धूळ फार दिसते, असे भाचेसुनेचे म्हणणे आहे.